दोन ते आठ अंश

अनशी मेतर दुकानात येते तेव्हा
आधी पुरुष गिऱ्हाइकं जाऊ देते.
खोकल्याचं औषध जातं, इन्सुलिनवाला जातो,
वजनकाट्यावर उगाच चढलेला पोरगाही उतरतो,
मग ती कनवटीतून चिठ्ठी काढते,
घडीत चिकटलेलं एक खवलं घेऊन आलेली.

तिसऱ्यांदा. शिमग्यापासून तिसऱ्यांदा
तीच लघवीची जळजळ, तीच कणकण,
पाच दिवसांच्या त्याच गोळ्या.
फक्त या वेळी खाली डॉक्टरीणबाईंनी
आणखी एक ओळ लिहिली आहे:
प्रोबायोटिक कॅप्सूल, रोज एक, दोन महिने.

मी खोका उलटा करून वाचून दाखवते.
जिवंत जिवाणू. इतके इतके अब्ज.
दोन ते आठ अंशांत ठेवावे.
"जिते?"
जिते.
"म्हणजे जंतू मारूक पैशे,
आणि आता जंतू आणूक पैशे?"
आणि हसते. देवगडात दुकान टाकून सहा वर्षं झाली,
तिला हसताना मी आज पाहिलं.

मी म्हणते, गोळी म्हणजे पर्ससीनचं जाळं.
मुद्दाम म्हणते, तिला राग यावा म्हणून.
हवं ते ओढतं, नको ते ओढतं, पिल्लंसुद्धा ठेवत नाही.
मग पाणी रिकामं पडतं,
आणि रिकाम्या पाण्यात आधी कोण शिरतं?
"केंड," ती लगेच म्हणते. "जाळी कुरतडणारो."
म्हणून आपली माणसं आधी नेऊन बसवायची.

"बसतली? खात्री आसा?"

इथे मी काउंटर पुसायला घेते.
कुणाला गुण येतो, कुणाला नाही,
मोठमोठ्या डॉक्टरांचंही अजून ठरत नाही,
आणि गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, हे मात्र नक्की.
इतकं सांगते.
मी स्वतः दोन वर्षं घेते आहे
माझ्याच फ्रीजमधून, बिल न फाडता,
हे सांगत नाही.

तिच्या घरी फ्रीज नाही.
पट्टी माझ्याकडे राहते, ती रोज एक न्यायला येते,
लिलाव आटोपून, दुपारी दीडला,
तळहातावर कॅप्सूल घेऊन जरा वेळ बघते.
काही हलत नाही.

मे महिन्यात वीज गेली ती पुरता एक दिवस आली नाही.
इन्व्हर्टर रात्रीच दमला.
मी फ्रीजचं दार न उघडता त्याच्यासमोर बसून राहिले,
आजाऱ्याच्या खोलीबाहेर बसावं तशी.
सकाळी अनशी आली डोक्यावर टोपली घेऊन,
वर ओलं गोणपाट, आत फोडलेला बर्फ.
"जिते म्हणालंस ना? मगे तेंका उकाड्यात कित्याक ठेवलंस?"
थर्माकोलच्या खोक्यात आम्ही दोघींनी रचलं:
इन्सुलिन, थेंब, धनुर्वाताची इंजेक्शनं, तिची पट्टी,
मध्ये वर्तमानपत्राचे थर, बर्फ थेट टेकू नये म्हणून.
तीन दिवस दुकानाला बांगड्याचा वास.
इन्सुलिनवाल्याने नाक मुरडलं
आणि बाटली घेऊन गेला.

पाणी भरपूर पी, हे मी दर वेळी सांगते.
दर वेळी ती मान हलवते.
त्या दिवशी नाही हलवली.
"पाणी पिऊन जावचा खंय?"

पहाटे पाचपासून जेटीवर.
पुरुष होड्यांआड जातात.
बायकांचं म्हणून बांधलेलं आहे, निळा रंग, पाटी,
बाहेर कुलूप.
किल्ली सोसायटीच्या क्लार्ककडे,
क्लार्क कणकवलीला, कधीचा.

दोन महिने संपत आले. ताप फिरकलेला नाही.
कॅप्सूलमुळे, की बंदर बंद होऊन ती घरी बसली म्हणून,
मला कुणी विचारलं तर मी काउंटर पुसेन.

काल आली ती चिठ्ठीशिवाय.
दुकानात चार पुरुष उभे होते. ती थांबली नाही.
"नारळीपुनवेक बंदर सुरू होतला.
कुलूप फोडूक काय आसा तुझ्याकडे?"

औषधांत तसं काही नव्हतं.
शटर ओढायचा लोखंडी आकडा दिला,
म्हटलं, रात्री नऊच्या आत आणून दे.